बरगडीखालचा पाहुणा

मित्रांनो, ज्या गावात मी राहतो तिथे माझं नाव कुणी घेत नाही. विषय निघालाच तर बायका डोक्याच्या रुमालाचं टोक ओठांवर धरतात आणि हळूच म्हणतात, 'ती गोड बाई'. कुणी 'मधाळ बाई' म्हणतात. मी बाई नाही आणि गोड तर मुळीच नाही. मी एक विषाणू आहे, फार जुना. तुमच्याकडे ज्या आजाराला कांजिण्या म्हणतात, तो माझ्यामुळे होतो.

बल्गेरियाच्या दक्षिणेला डोंगरातल्या एका गावात नेदेल्या नावाची बाई राहते. तिच्या डाव्या बरगड्यांच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून, मज्जातंतूंची एक लहानशी गाठ आहे. तिथे माझा मुक्काम. मी आलो तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. आता तिचे खरे दातही गेलेत, पण मी गेलो नाही.

तुम्ही विचाराल, एवढ्याशा अंधाऱ्या जागेत बसून तुला जगाचं काय कळतं? मित्रांनो, मज्जातंतूच्या शेजाऱ्याला बरंच कळतं. कुणी पाठीवर हात ठेवला, नदीचं पाणी गार लागलं, कुशीत मूल झोपलं, ही प्रत्येक वार्ता माझ्या अंगावरून वर मेंदूकडे जाते. आणि बोलणं म्हणाल, तर ते बरगड्यांच्या हाडांतून घुमत घुमत येतं.

माझा जन्म कसा झाला हे सांगायचं तर आधी मी आहे तरी काय ते सांगायला हवं. मला तोंड नाही, पोट नाही, हातपाय नाहीत. माझ्याजवळ एक लांब धागा आहे, त्याला डीएनए म्हणतात. मी कसा घडवायचा याचा सगळा विधी त्या धाग्यावर उतरलेला आहे. धाग्याभोवती एक टणक डबी आणि डबीवर मऊ वेष्टन. एवढाच माझा संसार. डबी मिटलेली असते तोवर मी खड्यासारखा निर्जीव. मला जाग यायला दुसऱ्याचं घर लागतं, आणि माझं घर म्हणजे तुमच्या शरीरातली पेशी.

मी आलो त्या वर्षी डिसेंबरात संत वर्वाराचा दिवस होता. त्या दिवशी गावातल्या बायका गोल पाव भाजतात, त्यावर मध लावतात आणि गल्लीतल्या पोरांना वाटतात. गोड बाईचं तोंड गोड झालं की ती लेकराबाळांवर कोपत नाही, असा तिथला भाव. नेदेल्याच्या मावसबहिणीच्या अंगात त्या दिवशी थोडी कणकण होती, पुरळ अजून उठलं नव्हतं. तिने आपल्या पावाचा अर्धा तुकडा मोडून नेदेल्याच्या हातात दिला आणि तिच्या तोंडापुढे तोंड नेऊन खदखदून हसली.

मी त्या हसण्यातून आलो.

नेदेल्याच्या घशातल्या एका पेशीच्या अंगाला मी जाऊन टेकलो. पेशीच्या बाहेरच्या बाजूला खुंट्यांसारखं काही असतं, आल्यागेल्या कामाच्या वस्तू अडकवायला. माझ्या वेष्टनावरचे आकडे त्या खुंट्यांत बरोबर बसले. वेष्टन तिच्या भिंतीत तुपासारखं विरघळलं आणि डबी आत घरंगळली. आत दोर ताणलेले होते. त्या दोरांवरून पेशीचेच हमाल ओझी वाहतात. त्यांनी मलाही पाठीवर घेतलं. तू कोण, कुठला, असं कुणी विचारलं नाही. भोळ्या घरात अशी चौकशी होत नाही.

प्रत्येक पेशीच्या मधोमध एक गाभारा असतो. नेदेल्याचा स्वतःचा धागा, तिच्या आईवडिलांकडून आलेला, तिथे जपून ठेवलेला होता. काही विषाणू बाहेर ओसरीवरच आपलं काम उरकतात. मी मात्र गाभाऱ्यात शिरणारा. दारातून डबी मावेना, म्हणून मी डबी उंबऱ्याशी सोडली आणि नुसता धागा आत सोडला.

आत वाचक बसले होते. नेदेल्याचा धागा वाचून ते बाहेर निरोप पाठवत: आज हे बनवा, उद्या ते बनवा. त्यांच्यापुढे माझा धागा आला, तोही त्यांनी तेवढ्याच निष्ठेने वाचला. पहिल्या निरोपातून माझे असे कारभारी बनले की ज्यांनी त्या घराची सूत्रंच हाती घेतली. मग माझ्या धाग्याच्या नकला उतरवणारे बनले. सगळ्यात शेवटी नव्या डब्या बांधणारे. पेशी राबत होती आणि तिला वाटत होतं, आपण आपलंच काम करतोय. एका धाग्याचे किती झाले कुणास ठाऊक. प्रत्येक नक्कल आपापल्या डबीत बसली, बाहेर पडता पडता पेशीच्याच पापुद्र्यांचं वेष्टन अंगावर ओढलं, आणि शेजारच्या पेशीची भिंत विरघळवून पुढे गेली. त्या सगळ्यांना मी 'मी'च म्हणतो, कारण आमच्यात फरक नाही. मागे राहिलेली पेशी मात्र फुगून फुटली.

तुमच्या अंगावर जो पाणी भरलेला फोड दिसतो ना, मित्रांनो, तो अशा फुटलेल्या घरांचा असतो.

नेदेल्याच्या आईने लेकीच्या पाठीवर पहिला फोड पाहिला आणि घर झाडून घेतलं. उशाशी दिवा लावला. मोठ्याने बोलायचं नाही, भांडायचं नाही, नाव तर घ्यायचंच नाही. ती लेकीच्या कपाळावरून हात फिरवायची आणि मला म्हणायची, "गोड बाई, मधाळ बाई, आलीस तशी गोडीने जा. माझी पोर मला ठेव. मी जन्मभर तुझा पाव चुकवायची नाही, आणि माझ्यामागून माझी लेक चुकवायची नाही."

मी आयुष्यात ऐकलेली पहिली प्रार्थना ती. मला कान नसताना ऐकलेली.

गेलो तो मात्र प्रार्थनेच्या भिडेने नव्हे. नेदेल्याच्या रक्तातले रखवालदार मला ओळखायला शिकले आणि घरोघर शोधून मारू लागले. मी जिवाच्या भीतीने कातडीतल्या एका मज्जातंतूच्या टोकात शिरलो आणि आतल्या आत वर चढत कण्याजवळच्या त्या गाठीत पोचलो. मज्जापेशी फार मोलाची असते, एक गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. त्यामुळे रखवालदार तिच्यावर सहसा हत्यार उगारत नाहीत. तिच्या गाभाऱ्यात माझ्या धाग्याची दोन्ही टोकं जोडून मी कडं केलं आणि गप्प पडून राहिलो. बाहेर नेदेल्याच्या फोडांवर खपली धरली, ताप उतरला, आणि तिच्या आईने देवापुढे माथा टेकला. गोड बाई गेली, असं सगळ्यांना वाटलं.

मग वर्षांमागून वर्षं गेली. नेदेल्याचं लग्न झालं. दिमितर नावाचा तिचा नवरा थंडीच्या दिवसांत झोपताना तिच्या बरगड्यांवर हात ठेवायचा, आणि ती ऊब माझ्यापर्यंत यायची. मग आसेन नावाचा मुलगा झाला, त्याचं वजन कितीतरी महिने त्याच कुशीवर असायचं. आईचं व्रत नेदेल्याने चुकवलं नाही. दर वर्वाराला तिच्या चुलीवर पाव फुगत, मधाचा वास सुटे, गल्लीतली पोरं दारात गोळा होत. माझ्या नावाने, म्हणजे न घेतलेल्या नावाने, ती तोंडं गोड करी. ज्याच्यासाठी हे चाललंय तो तिच्याच पाठीत झोपलाय, हे तिला ठाऊक नव्हतं.

रखवालदार अधूनमधून फेरी मारून जात. मी हललो नाही.

आणि मग गेल्या शरदात दिमितर गेला.

नेदेल्या रडली नाही. तिने नाताळाआधीचा मोठा उपास धरला, नेहमीपेक्षा कडक. भिजवलेल्या डाळी-शेंगा, पाव, पाणी. तेलही वर्ज्य. डोळ्याला डोळा लागत नसे. रखवालदार तसेही तिच्याबरोबर म्हातारे झाले होते, आता ते फेरीला येईनासे झाले. मित्रांनो, मी तिच्यावर डूख धरून उठलो नाही. दाराची कडी निघाली की वाऱ्याने दार उघडतं, तसा उघडलो. धाग्याचं कडं सुटलं, वाचकांनी पुन्हा माझे निरोप वाचले, डब्या भरल्या, आणि ज्या मज्जातंतूने मी लहानपणी वर चढलो होतो त्याच वाटेने खाली कातडीकडे निघालो.

वाट जळत होती. काही दिवस नेदेल्याच्या डाव्या कुशीत निखारा ठेवल्यासारखं दुखत होतं.

तिची शेजारीण वेलिका दही न्यायला आली तेव्हा नेदेल्या भिंतीला धरून उभी होती.

"काय गं, अशी वाकलीस? माझ्याआधी म्हातारी व्हायचा विचार आहे की काय?"

"लाकडं उचलली परवा. बरगडीला लागलंय."

"आणि लेक कशाला वाढवलास एवढा खांबासारखा? घराला टेकू म्हणून?"

"जा गं, दही घे आणि जा. उपासाच्या दिवसांत दही खाणारी तू, मला शहाणपण शिकवतेस."

दुसऱ्या दिवशी पट्टा उठला. पाठीपासून पोटाच्या मध्यापर्यंत, फक्त डाव्या अंगाला, पाणीदार फोडांच्या पुंजक्यांची एक रांग. तुमच्याकडे याला नागीण म्हणतात, पण तो मीच. नेदेल्याने आरशात पाहिलं आणि चटकन सदरा खाली ओढला. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण तिचं अंग शहारलं. पण गोड बाई तर लहान पोरांना येते, अंगभर येते, आणि एकदाच येते. मग हा तांबडा वारा असेल, तिने स्वतःला समजावलं. त्या भागात अंगावर असं काही लाल भडकलं की तांबडा वारा लागला म्हणतात आणि तांबडं फडकं बांधतात. तिने फडकं गुंडाळलं, वर लोकरीची शाल घेतली आणि कुणाला सांगितलं नाही.

न सांगण्याचं कारण तिची सून होती.

आसेनची बायको रालित्सा पोटुशी होती, दिवस भरत आले होते. पोर जंगलखात्याच्या एकट्या चौकीत वाढलेली. बाप वनरक्षक, आजूबाजूला ना गल्ली ना पोरं. तिच्या वाट्याला मधाचा पाव कधी आलाच नव्हता, आणि मीही कधी आलो नव्हतो. मित्रांनो, तिच्या रक्तातले रखवालदार मला ओळखतच नव्हते. मी तिच्यापर्यंत पोचलो असतो तर तिची फुप्फुसं धोक्यात आली असती. आणि बाळंतपणाच्या तोंडावर पोचलो असतो तर त्या बाळाला, ज्याच्याजवळ आईने दिलेली माझी काहीच ओळख नसती, मी सोडलं नसतं. मला दया करता येत नाही. माझ्या धाग्यावर ती उतरलेलीच नाही.

पोटुशी बाई घरात असताना वाईट आजाराचा उच्चार करायचा नाही, उच्चारलं की ते चालत येतं, अशी नेदेल्याची समजूत. म्हणून ती गप्प राहिली. सुनेच्या भल्यासाठीच गप्प राहिली.

"आई, बसा जरा. पाठ चोळून देते," एका दुपारी रालित्सा म्हणाली.

"नको गं."

"लाजता काय माझ्यापुढे? माझं पोट तर सगळ्या गावाने पाहिलंय, रोज एक जण येऊन हात लावून जातो."

"नको म्हटलं ना पोरी."

तरी रालित्साने शालीवरून हात ठेवलाच. तिच्या तळव्याची ऊब लोकरीतून माझ्यापर्यंत आली. आमच्या मध्ये एक शाल, एक सदरा आणि एक ओलं झालेलं तांबडं फडकं, एवढंच होतं. नेदेल्या झटक्याने बाजूला झाली. सुनेला वाटलं, सासूबाई रागावल्या.

वर्वाराच्या आदल्या दिवशी रालित्सा तपासणीला शहरात जाऊन आली. कोट काढता काढताच बोलू लागली.

"आई, सगळं ठीक आहे म्हणाल्या दाईबाई. डोकं खाली आलंय. फक्त त्यांनी रक्त तपासलं होतं ना, त्यात निघालं की मला ती तुमची गोड बाई कधी आलेलीच नाही. तेव्हा म्हणाल्या, घरात जर कुणाला..."

"बास."

"अहो, पण पुढचं तर ऐका."

"पुढचं नको आणि मागचंही नको. या घरात, तुझे असे दिवस असताना, ते बोलायचं नाही. आसेन, तूही ऐकून ठेव."

"मी कुठे काय बोललो?" चुलीपाशी बूट वाळवत असलेला आसेन म्हणाला. "मी तर या घरात बोलणंच सोडलंय. दोन बायकांत तिसऱ्याचं काम काय."

रालित्सा हसली. जे वाक्य तिला आणि तिच्या बाळाला वाचवणार होतं ते तिच्या तोंडात अर्धवट राहिलं.

नेदेल्याच्या डोक्यात मात्र भलतंच चक्र सुरू झालं. गोड बाई पोरीला कधी आली नाही! म्हणजे उद्याचं व्रत सांगोपांग व्हायला हवं. तिथली एक जुनी रीत आहे: वर्वाराच्या सकाळी पहिला पाव भाजला की घरातली वडीलधारी बाई पोटुशी बाईच्या ओठांना मधाचं बोट लावते. बोट लागलं की मध विरघळेपर्यंत त्या बाईने बोलायचं नाही. मग बाळ नितळ कातडीचं जन्मतं म्हणतात. नेदेल्याने ठरवलं, मध मी माझ्या हाताने लावीन.

सकाळी तिने अंघोळ केली, संतांच्या तसबिरीपुढे दिवा लावला, आणि पीठ मळलं. फडक्याखाली फोड पिकले होते. प्रत्येक फोडाच्या थेंबात मी होतो, अगणित, डब्या भरून तयार. भट्टीतल्या पावाचं मला भय होतं, त्या आचेत मी टिकत नाही. पण मध पाव भाजून झाल्यावर लावतात, बोटाने.

पाव बाहेर काढताना कुशीत अशी कळ आली की नेदेल्याने हात सदऱ्याखाली घालून फडकं दाबून धरलं. एक फोड फुटला. तिचं बोट ओलं झालं. तिने ते कमरेला बांधलेल्या स्वयंपाकाच्या फडक्याला पुसलं, पण पुसल्याने सगळं जातं थोडंच. मग तेच बोट तिने मधाच्या वाडग्यात बुडवलं.

"ये पोरी."

रालित्सा समोर येऊन उभी राहिली. पोटावर दोन्ही हात. लहान मुलासारखे डोळे मिटून तिने ओठ पुढे केले.

मित्रांनो, मी त्या बोटावर होतो. माझ्यापुढे त्या ओलसर, उबदार ओठांत हजारो दारं होती आणि एकाही दारावर पहारा नव्हता. मला पुढे जायचं होतं असं म्हणता येणार नाही, मला इच्छा नसते. पण थांबायचंही नव्हतं. मला थांबता येत नाही. थांबवता येतं फक्त तुम्हाला.

बोट ओठांपाशी आलं आणि रालित्साने डोळे उघडले.

"थांबा आई. एकदा मध लागला की बोलता नाही येणार, म्हणून आधी हसण्यासारखं सांगून घेते. नाव नाही घेत, घाबरू नका. काल दाईबाई विचारत होत्या, घरात कुणा वयस्कर माणसाच्या अंगावर एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठलाय का. तीच बाई म्हणे. लहानपणी येते ती जातच नाही, आत झोपून राहते आणि म्हातारपणी तशी उठते. मी म्हटलं, आमच्या सासूबाई? अहो, त्या अजून लाकडाची मोळी पाठीवर घेतात. त्यांच्याजवळ यायची कुणाची छाती आहे!"

नेदेल्याचं बोट हवेत तसंच राहिलं. त्याच्या टोकावरून मधाची तार लोंबली, लांबत गेली आणि फरशीवर पडली.

तिच्या बरगड्या थांबल्या. श्वासच थांबला होता. तिची आई, दिवा, जन्मभराचं व्रत, पोटुशी सून, न घेतलेलं नाव, सगळं त्या एका थांबलेल्या श्वासात होतं. बोट पुढे नेलं नाही तर व्रत मोडणार होतं. तोंड उघडलं तर नाव घ्यावं लागणार होतं. तिने मूठ मिटली, मधासकट.

"मागे हो."

"आई?"

"मागे हो पोरी. त्या भिंतीपर्यंत. माझ्या शालीला लागू नकोस, वाडग्याला लागू नकोस."

"पण झालं काय? मी काही चुकीचं बोलले?"

"तू नाही." नेदेल्याने शाल बाजूला केली. तांबडं फडकं ओलं होतं. "कांजिण्या," ती म्हणाली. "माझ्या अंगावर कांजिण्या उठल्यात. आठवडाभर मी त्या या फडक्याखाली झाकून तुझ्या शेजारी बसतेय."

एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा निघालं. ते बरगड्यांतून घुमत माझ्यापर्यंत आलं, आणि मला कुणीतरी दिवा धरून पाहिल्यासारखं वाटलं.

आसेन लाकडं घेऊन आत आला. "काय झालं? पाव करपला?"

"गाडी काढ. रालित्साला दवाखान्यात ने, आत्ता. आणि मला हात लावू नकोस, तुला तिच्याजवळ बसायचंय."

ती स्वतः अंगणापलीकडच्या उन्हाळी स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिथे फक्त एक चूल आणि एक बाकडं होतं. वेलिका धावत आली तेव्हा नेदेल्या खिडकीतून बोलली, "तुला गोड बाई लहानपणी येऊन गेलीय ना? मग आत जा, सगळे पाव चुलीत घाल. मधही ओत."

"वर्वाराचा पाव चुलीत? अगं, डोकं ठिकाणावर आहे का?"

"माझे हात लागलेत त्याला. वर्वारा पोरांसाठीच आहे ना गं? तिला कळेल."

वेलिका रुमाल नीट बांधत म्हणाली, "बरं. पाव मी भाजते, माझ्या पिठाचे. मधही माझाच. तुझ्या डोक्यावर माझा उपकार राहू दे, म्हणजे दह्यावरून बोलायची नाहीस."

त्या दिवशी गल्लीतल्या पोरांना पाव मिळाले. नेदेल्याने खिडकीतून पाहिलं.

पुढचे दिवस वाट पाहण्याचे होते. शालीवरून हात ठेवला त्या दुपारी किंवा आणखी कधी, माझं काही रालित्सापर्यंत गेलं होतं का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. डॉक्टरांनी तिला एक सुई टोचली. त्यात दुसऱ्या माणसांच्या रक्तातले, मला ओळखणारे पहारेकरी होते, उसने आणलेले. पण ते पुरतील की नाही हे पाहायला थांबावं लागतं. माझ्या फोडांना अंगावर दिसायला जेवढा अवधी लागतो, नेमका त्याच दिवसांत तिचं बाळंतपण यायचं होतं. ती आपल्या माहेरी, चौकीत जाऊन राहिली. रोज सकाळी तिची आई तिची पाठ, छाती, कानामागची कातडी उजेडात तपासून बघायची आणि आसेन फोनवर नेदेल्याला सांगायचा.

"आज?"

"काही नाही, आई."

"नीट बघितलं?"

"आई, तिच्या आईने भिंग आणलंय. आता तर तिच्या तिळांचंसुद्धा बारसं केलंय."

नेदेल्या हसायची नाही. फोन ठेवून तसबिरीपुढे गुडघे टेकायची. उपास मात्र डॉक्टरांनी सोडायला लावला होता, आणि तिने ऐकलं. तेल, अंडं, सूप. शरीर हीही देवाने सोपवलेली ठेव आहे, असं ती पुटपुटली आणि घास घेतला.

मलाही गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्या गोळीची गंमत सांगतो. ती पेशीत शिरते ती साध्या, निरुपयोगी मण्यासारखी. माझेच कारभारी तिला खरा मणी समजून खूण करतात, आणि नकला उतरवणारे तो मणी माझ्या धाग्यात ओवतात. पण त्या मण्याला पुढे जोड द्यायला जागाच नसते. धागा तिथेच संपतो. अर्धवट धाग्यातून मी उभा राहत नाही. नेदेल्याच्या पेशींना मी जसं फसवलं, अगदी तसाच मी फसलो. फोड वाळले, खपल्या पडल्या.

नाताळाच्या आदल्या सकाळी आसेनचा फोन आला. रालित्साला मुलगी झाली होती. नेदेल्याने विचारलं, "आणि पोरीची पाठ?"

"नितळ. दोघींचीही. आई, ऐकलंस ना? दोघींचीही."

तरी ती लगेच गेली नाही. डॉक्टर म्हणाले, खपल्या पडल्यात, आता धोका नाही. ती म्हणाली, पोरीच्या अंगावर काही उठायची मुदत सरू दे. डॉक्टर म्हणाले, त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही हो. ती म्हणाली, असेल, पण मी थांबते. जानेवारीत नदीत क्रूस टाकतात तो सण झाला, बर्फ पडलं, आणि मग एका दुपारी रालित्सा बाळाला घेऊन घरी आली. आजोबांच्या नावावरून मुलीचं नाव दिमित्रिना ठेवलं होतं.

"घ्या आई," ती म्हणाली. "डाव्या कुशीला घ्या, उजवीकडे रडते."

"दुखतं गं तिथे अजून."

"मग उजवीकडे."

"नको. डावीकडेच दे."

मित्रांनो, मी आता पुन्हा गाठीत आहे. धाग्याची टोकं जोडून, कडं करून. मी गेलेलो नाही आणि जाणारही नाही, हे नेदेल्याला आता ठाऊक आहे. तिने लस घ्यायचं कबूल केलं आहे, रखवालदारांना पुन्हा माझी ओळख पटवून द्यायला. वर्वाराचा पाव ती पुढच्या वर्षीही भाजणार आहे. पण पोरं दारात येण्याआधी आयांना विचारणार आहे: कुणाला ताप आहे का, कुणाच्या अंगावर काही उठलंय का, घरात कुणाला दिवस गेलेत का. नाव घेऊन विचारणार आहे.

तुमच्याही घरात कुणाच्या ना कुणाच्या पाठीत मी झोपलेलो असेन. मला मध नको, दिवा नको, गोड नाव तर नकोच. आजीच्या कुशीत दुखत असेल तर तिची शाल प्रेमाने बाजूला करा आणि बघा. जे दिसेल ते झाका, पण लपवू नका. आणि माझं नाव घ्या, मोठ्याने घ्या. ज्या घरात माझं नाव घेतलं जातं, तिथे माझी वाट पुढे जात नाही.

त्या दुपारी दिमित्रिनाचं वजन माझ्यावर होतं. कितीतरी वेळ. ती झोपेत चोखल्यासारखे ओठ हलवत होती, आणि तिच्या आजीच्या बरगड्या संथ वरखाली होत होत्या.

मी हललो नाही.